वाचक विचारतात : परसातल्या कोंबड्या आणि सोलापूरचे ऊन

गेल्या अंकात परसबागेतील भाजीपाल्याविषयी लिहिताना कोंबडीखताचा ओझरता उल्लेख आला आणि या वेळची बहुतेक पत्रे खताऐवजी कोंबड्यांविषयीच आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पहिले पत्र तातडीचे असल्यामुळे त्याचे उत्तर संबंधित वाचक भगिनींना आधीच कळवले आहे; तरीही ती चूक अनेकांकडून होण्यासारखी असल्याने ते येथे सविस्तर देतो.

प्रश्न : मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एका दिवसाची पंधरा पिल्ले आणली. सोबतच्या माहितीपत्रकात पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट तापमान हवे असे लिहिले होते, म्हणून पत्र्याच्या खोलीत मोठ्या खोक्यात पिल्ले ठेवून त्यावर १०० वॅटचा दिवा रात्रंदिवस चालू ठेवला. तिसऱ्या दिवसापासून पिल्ले चोची उघड्या ठेवून खोक्याच्या कडांना चिकटून बसू लागली, काहींच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली आणि चौथ्या दिवसापर्यंत सहा पिल्ले दगावली. दुकानदाराने दिलेले प्रतिजैविक पाण्यातून दिले, पण उपयोग झाला नाही. हा कोणता रोग असावा?
– एक वाचक भगिनी, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून हा रोग वाटत नाही, पिल्ले उष्णतेने गेली असावीत. माहितीपत्रकातील आकडा बरोबरच आहे, परंतु तो पिल्लाच्या भोवती असलेल्या हवेच्या तापमानाचा आकडा आहे आणि ती हवा तेवढी गरम आधीच असेल, तर दिव्याचे काही काम उरत नाही. ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सियस. मार्चअखेरीस सोलापुरात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत पारा सहज ४० अंशांच्या आसपास जातो, म्हणजे आपली खोली दिव्यावाचूनच पिल्लांच्या गरजेपेक्षा गरम होती. त्यात चारही बाजूंनी बंद असलेल्या खोक्यात १०० वॅटचा दिवा लावल्यावर आत किती उष्णता साठली असेल, याची कल्पना करवत नाही. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे, पंख अंगापासून दूर धरणे आणि उष्णतेपासून सरकून बसणे एवढेच उपाय तिच्यापाशी असतात आणि खोक्याच्या कडेला पोहोचल्यावर सरकायलाही जागा राहत नाही. शेपटीखाली विष्ठा चिकटणे हेही फाजील उष्णतेने किंवा गारठ्याने होते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हलकेच मऊ करून काढावी, ओढून काढू नये, कारण खालची कातडी अतिशय नाजूक असते.

उरलेल्या नऊ पिल्लांसाठी आता असे करावे. आपल्या जुन्या घरात माळवदाची खोली आहे असे आपण पत्रात लिहिले आहे. पिल्ले आजच तेथे हलवावीत. मातीच्या माळवदाखालची हवा दिवसा पत्र्यापेक्षा कितीतरी थंड राहते आणि रात्री एकाएकी गारही होत नाही. खोक्याऐवजी दीड फूट उंचीच्या जाड पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याच्या पट्टीचे तीन फूट व्यासाचे गोल कडे करावे. कडे गोलच हवे, कारण घाबरलेली किंवा गारठलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. दिवा मधोमध न टांगता एका बाजूला टांगावा, म्हणजे ज्याला ऊब हवी ते पिल्लू दिव्याखाली येईल आणि ज्याला नको ते दुसऱ्या बाजूला जाईल. दिवसा दिवा पूर्ण बंद ठेवावा. रात्री मात्र, मार्च-एप्रिल असला तरी, पहिले दोन आठवडे त्याची गरज भासते, कारण पहाटेपर्यंत हवा बरीच उतरते आणि पिल्लाच्या अंगावरची लव म्हणजे पिसे नव्हेत. जमिनीपासून दीड फुटावर ६० वॅटचा साधा तारेचा दिवा नऊ पिल्लांना पुरेल. हल्ली घरोघरी असलेले एलईडी दिवे उजेड देतात, पण ऊब जवळपास देतच नाहीत. ते लावून निश्चिंत झोपलेले लोक मी पाहिले आहेत.

तापमापक जरूर ठेवावा, पण निर्णय पिल्लांकडे पाहून घ्यावा. पिल्ले दिव्याखाली गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर ती गारठली आहेत. दिव्यापासून लांब, चोची उघडून, आवाज न करता पडली असतील तर त्यांना उकडते आहे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून वारा लागतो आहे. कड्यात सर्वत्र विखुरलेली, काही खाणारी, काही निवांत पसरलेली पिल्ले दिसली की हात लावू नये. दर आठवड्याला सुमारे ३ अंश सेल्सियस कमी करत जाण्याचा जो नियम सांगितला जातो, तो थंड खोलीसाठी उपयोगाचा आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिसऱ्या आठवड्यानंतर बहुधा दिवा लागत नाही.

प्रतिजैविक मात्र लगेच थांबवावे. रोगाचे निदान न करता ते पाण्यात घालणे व्यर्थ असते आणि कडवट पाणी पिल्ले कमी पितात, ही आपल्या परिस्थितीत सर्वांत मोठी हानी आहे. त्याऐवजी लिटरभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि सुपारीएवढा गूळ विरघळवून एक-दोन दिवस द्यावे, त्यानंतर साधे पाणी. गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी देऊ नये. मोठी कोंबडीसुद्धा ते टाळते. माठातले पाणी उथळ भांड्यात घालून त्यात चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू भिजणार किंवा बुडणार नाही.

दिव्याच्या अतिरेकाविषयी एवढे लिहिल्यावर उलट बाजूही कबूल केली पाहिजे. माझी स्वतःची पहिली वीस पिल्ले जानेवारीतली होती. सिद्धेश्वर यात्रेतील शोभेचे दारूकाम पाहून आम्ही होम मैदानावरून रात्री उशिरा परतलो, तेव्हा घरची वीज गेलेली होती आणि चौकोनी खोक्याच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग झाला होता. त्या ढिगाखालची सात पिल्ले मेलेली निघाली. तेव्हापासून थंडीच्या दिवसांत गरम पाण्याच्या दोन बाटल्या जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून कड्यात ठेवण्याची तयारी मी कायम ठेवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कोणीही ठेवू नये. तिच्या वायूने पिल्लेच काय, माणसेही दगावतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून घराच्या मागे वीस फूट बाय पंधरा फूट मोकळी जागा आहे. घरच्यापुरती अंडी मिळावीत, एवढीच अपेक्षा आहे. किती पिल्ले, कोणत्या जातीची आणि कोणत्या महिन्यात आणावीत? खुराडे किती मोठे लागेल?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : महिन्यापासून सुरुवात करतो, कारण तो चुकला की बाकीचे नियोजन कोलमडते. मार्च ते मे हा काळ नवख्याने टाळावाच. अनेक जण पावसाळा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात पिल्ले आणण्याचा सल्ला देतात. पिल्लांच्या दृष्टीने तो चुकीचा नाही, परंतु ती पिल्ले साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यांवर येतात तेव्हा नेमका एप्रिल उजाडतो आणि पहिल्याच अंड्यांचा हंगाम उन्हात जातो. माझ्या मते आपल्या भागासाठी जूनअखेर ते जुलै ही सर्वांत सोयीची वेळ आहे. ऊन उतरलेले असते, गारठा नसतो आणि सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असल्यामुळे तोपर्यंत पिल्ले दोन महिन्यांची होऊन पिसांनी भरलेली असतात. अशी खेप डिसेंबर-जानेवारीत अंडी देऊ लागते आणि उन्हाळ्याला सामोरी जाताना अंगाने तयार असते.

जातीचा प्रश्न आपण अंड्यांपुरता विचारला आहे, म्हणून उत्तरही तेवढ्यापुरतेच. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, परंतु ती स्वतः खुडूक होऊन, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवत बसून, पिल्ले काढते आणि मांजर-कुत्र्यांपासून पळ काढण्यात तरबेज असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसबागेसाठी विकसित केलेल्या जातींपैकी वनराजा अंगाने भारी असून वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, तर ग्रामप्रिया हलकी असून चांगल्या व्यवस्थेत दीडशेच्या वर जाते. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे पुढची पिढी हवी असेल तर पुन्हा पिल्ले विकत आणावी लागतात किंवा त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. आपल्यासाठी मी ग्रामप्रिया सुचवीन. कडकनाथचे आकर्षण अनेकांना असते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु ती अंड्यांसाठी पाळण्याची जात नव्हे.

पाच-सहा कोंबड्या असल्या की भर हंगामात रोज तीन-चार अंडी मिळतात. मात्र एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी मिसळलेले असतात आणि सहा-आठ आठवड्यांनी तुरे वाढू लागेपर्यंत ते ओळखणे घरच्या माणसाला अवघड असते. म्हणून सहा माद्या हव्यात तर बारा ते पंधरा पिल्ले आणावीत आणि निघणाऱ्या नरांचे काय करायचे, हे घरात आधीच ठरवावे. नातवंडांनी त्यांना नावे दिल्यानंतर हा विषय काढणे कठीण जाते. ऊब देण्याची दगदग नको असेल, तर एक महिना वाढवलेली आणि लसी झालेली पिल्ले घ्यावीत. ती महाग पडतात, पण पहिल्या खेपेत तो खर्च वाया गेला असे मला कधी वाटले नाही. खात्रीची पिल्ले कोठे मिळतील, याची चौकशी पशुसंवर्धन विभागाच्या कार्यालयात किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येईल.

खुराड्यात प्रत्येक मोठ्या पक्ष्याला किमान दोन-तीन चौरस फूट जागा धरावी. सहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फूट पुरते, कारण दिवसभर त्या परसातच असतील. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन थेट आत शिरत नाही. छप्पर पत्र्याचे असेल तर वर चुना फासून उसाचे पाचट अंथरावे. तळाशी भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच असावा. तूस महाग पडत असेल तर भुईमुगाची वाळलेली, बुरशी नसलेली टरफले चालतात. बसण्यासाठी आडवी काठी, चार-पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या कोपऱ्यात अंड्यांसाठी एक पेटी आणि जाळी मात्र बारीक छिद्रांची. मोठ्या छिद्रांच्या जाळीने कोंबडी आत राहते, पण मुंगूस बाहेर राहत नाही. जाळी जमिनीत फूटभर पुरली नाही तर घुशी खालून येतात आणि पहिले दोन महिने कावळा हा मांजराइतकाच मोठा शत्रू असतो, हे शहरातल्या माणसाला सहसा माहीत नसते.

शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे आणि वसाहतीचे काही नियम असल्यास तेही पाहावेत.

प्रश्न : अंडी मिळण्यासाठी कोंबडा ठेवणे आवश्यक आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. कोंबडा नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी देते. फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दाट वस्तीत राहत असाल तर पहाटे चार वाजता कोण आरवणार आहे, याचाही विचार करावा.

प्रश्न : आमच्याकडे घरची ज्वारी भरपूर आहे. पिल्लांना पहिल्यापासून ज्वारीच घातली तर चालेल का? शिवाय आमच्या मोठ्या कोंबड्यांच्या अंड्यांतील बलक अगदी फिका निघतो, तो कशामुळे?
– एक शेतकरी वाचक, मंगळवेढा

उत्तर : मंगळवेढ्याच्या ज्वारीविषयी गैर बोलण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु पिल्लांसाठी ती एकटी पुरत नाही. ज्वारीत प्रथिने शेकडा दहाच्या आसपास असतात आणि वाढत्या पिल्लाला शेकडा वीसच्या जवळपास लागतात. निव्वळ ज्वारीवर वाढलेली पिल्ले मरत नाहीत, पण खुरटतात, त्यांना पिसे उशिरा फुटतात आणि ती एकमेकांची पिसे उपटू लागतात. पहिला एक-दोन दिवस कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरून द्यावा आणि त्यानंतर आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे. कागद गुळगुळीत नसावा. त्यावर पाय घसरून पिल्लांचे पाय कायमचे फाकतात. एक पिल्लू आठ आठवड्यांत सुमारे दीड ते दोन किलो खाद्य खाते, तेव्हा दहा-बारा पिल्लांसाठी ५० किलोचे पोते आणून ठेवू नये. उघडलेले खाद्य महिन्याभरात संपावे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना चुकूनही देऊ नये, कारण त्यातील जादा चुन्याने पिल्लांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

दोन महिन्यांनंतर ज्वारीचा भरडा हळूहळू वाढवत निम्म्यापर्यंत न्यावा. सोबत शेंगदाणा किंवा करडईची पेंड असावी. शेंगदाणा पेंडीला दमट वास येत असेल किंवा तिच्यावर हिरवट-काळी बुरशी दिसत असेल तर ती जनावरालाही घालू नये, कारण त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि पक्षी त्याला विशेष बळी पडतात. अंडी सुरू झाल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; जिला हवा ती कोंबडी हवा तेवढा खाते. ताटातले उष्टे घालायला हरकत नाही, पण खारट-तिखट नको. आपल्या जिल्ह्यात शेंगाचटणी ताटात नसते असे जेवण विरळा, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बलक फिका असण्याचे कारणही ज्वारीच आहे. बलकाचा पिवळा रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. पांढऱ्या ज्वारीत तो रंग नसतो. रोज मूठभर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला टाकला की पंधरवड्यात फरक दिसेल. पोषणाच्या दृष्टीने फिक्या बलकाचे अंडे हलके असते असे मात्र नाही.

प्रश्न : आमच्या दहा पिल्लांसाठी लसीची बाटली मागितली तर शंभर मात्रांचीच मिळते. एवढ्या थोड्या पिल्लांना लस देण्याची खरोखर गरज आहे का?
– एक वाचक भगिनी, कुंभारी

उत्तर : गरज आहे आणि ती मुख्यतः मानमोडीसाठी आहे. राणीखेत या नावानेही ओळखला जाणारा हा रोग एकदा आला की त्यावर औषध नाही. हिरवी हगवण, लुळे पंख, वाकडी मान आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना राणीखेतवरच्या लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या-पाचव्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा-आठ आठवड्यांत कोंबड्यांच्या देवी रोगाची आणि आठ-दहा आठवड्यांत राणीखेतची टोचण्याची लस, असा साधारण क्रम असतो. आपल्या भागातील पशुवैद्यक त्यात थोडा बदल सुचवतील तर तो मानावा. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात दिलेली असते, तेवढी पिल्ले घेताना विचारून घ्यावी.

बाटलीचा प्रश्न मात्र खरा आहे. एकदा विरघळवलेली लस दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी निरुपयोगी. त्यामुळे आसपासच्या आठ-दहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणावीत, एकाच सकाळी लस करावी आणि खर्च वाटून घ्यावा, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. लस दुकानातून घरी आणताना बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच आणावी; भर दुपारी पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. आजारी पिल्लांना लस देऊ नये.

आठवडी बाजारातून हौसेने घेतलेली एखादी मोठी कोंबडी थेट खुराड्यात सोडू नये. तिला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. रक्ती हगवण हा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातला दुसरा मोठा धोका असून त्याचा संबंध लसीपेक्षा ओल्या तुसाशी आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढले तर तो बराचसा टळतो. एकाएकी बरेच पक्षी मेले, तर मेलेली कोंबडी कुत्र्यांपुढे न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आढळल्यापासून याबाबत हयगय करण्याची सोय राहिलेली नाही.

प्रश्न : जत्रेत रंगवलेली पिल्ले स्वस्तात मिळतात. ती आणून वाढवावीत का?
– एक शालेय विद्यार्थी, मोहोळ

उत्तर : बाळा, ती पिल्ले बहुधा अंड्यांच्या व्यवसायातून बाजूला काढलेले नर असतात, त्यामुळे त्यांच्यापासून अंडी मिळणार नाहीत. रंग लावताना ती भिजतात, गारठतात आणि उपाशी-तहानलेली दिवसभर टोपलीत राहतात, म्हणून बरीचशी आठवडाभरही जगत नाहीत. ती विकत घेतली तर विक्रेता पुढच्या जत्रेत आणखी आणेल. आई-बाबांना सांगून जुलैमध्ये चार चांगली पिल्ले आणा.

प्रश्न : आमच्या तलंगा (अंड्यांवर न आलेल्या तरुण कोंबड्या) साडेपाच महिन्यांच्या झाल्या तरी अंडी देत नाहीत. काही औषध द्यावे का?
– एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : औषध नको. परसातल्या कोंबड्यांना सहा महिने लागणे नेहमीचे आहे आणि सध्या ऊन तापलेले असेल तर आणखी थोडा उशीर होतो, कारण उकाड्यात त्या कमी खातात. तुरा आणि गालाखालचे लोंबते लाल होऊ लागले असतील, हात लावताच कोंबडी अंग चोरून खाली बसत असेल, तर अंडे आठ-पंधरा दिवसांवर आहे. खाद्य सकाळी लवकर आणि संध्याकाळी द्यावे, दुपारी देऊ नये. पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे, खुराड्याच्या बाजूंना ओले गोणपाट सोडावे. पेटीत चुन्याचा अंड्याएवढा गोळा ठेवला तर पहिले अंडे कोठे घालायचे, हे तलंगेला कळते. मात्र त्याआधी आपले अंगण एकदा नीट शोधून पाहावे. आमच्या घरी पहिली अकरा अंडी जळणाच्या ढिगामागे सापडली होती.